चुनखडीच्या विहिरीतला सौदा

मी घाबरले नव्हते, एवढं माझ्या थोरल्या भावाने एकदा कबूल करावं, इतकीच माझी मागणी होती. तीही खाजगीत चालणार नव्हती. त्याने जे चारचौघांत सांगितलं होतं, ते चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं.

तो जे सांगायचा ते असं. ‘आमच्या घरात सगळ्यांना पोहता येतं. फक्त हिला नाही. काकांनी हिच्या पाठीला डबा बांधला, विहिरीत सोडलं, आणि ही एवढी घाबरली की ओल्या परकराने रडत रडत घरापर्यंत पळत गेली!’ इथे लोक हसतात. दादा मुख्याध्यापक होता, त्यामुळे कुठे थांबायचं हे त्याला कळतं. हा किस्सा त्याने माझ्या साखरपुड्यात सांगितला, माझ्या मुलीच्या बारशाला सांगितला, आणि आईच्या तेराव्याला, जेव्हा वातावरण जरा हलकं करायची गरज होती असं त्याचं म्हणणं होतं, तेव्हाही सांगितला.

खरं काय झालं ते मी सांगते. तासगावजवळ आमची शेती होती आणि शेतात विहीर. मे महिन्याच्या सुट्टीत धाकटे काका घरातल्या मुलांना पोहायला शिकवायचे. गोडेतेलाचा पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा, झाकणाला डाग देऊन तो बंद करायचा, दोराने पोराच्या पाठीला बांधायचा आणि पोराला पाण्यात ढकलायचं. आठवडाभराने डबा सोडायचा. मुली काठावर बसून मुलांचे कपडे राखायच्या. मी दहा वर्षांची असताना काकांच्या इतकी मागे लागले की त्यांनी कंटाळून मलाही डबा बांधला. पहिल्या दिवशी मी विहिरीला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी आई विहिरीवर आली, दंडाला धरून मला पायऱ्यांवरून वर ओढलं आणि घरापर्यंत तसंच नेलं. शेजारच्या मळ्यातले गडी कठड्यावर येऊन बसतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ते कुणीतरी म्हणजे सोळा वर्षांचा दादा. मी रडत होते हे खरं आहे. वाटेत सगळ्यांनी बघितलं. त्यामुळे त्याच्या किश्शाला साक्षीदार भरपूर मिळाले आणि माझे दोनच राहिले, काका आणि आई. आता दोघेही नाहीत.

अमेरिकेत एडिसनला माझं केटरिंगचं किचन आहे. अपार्टमेंटच्या चार शेगड्यांवर सुरू केलं, तेव्हा शेजारी वासाबद्दल तक्रार करायचे. आता त्यातले दोघे माझी गिऱ्हाइकं आहेत. धंद्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. कोथिंबिरीची पेटी घेताना तळाची जुडी बघायची, वरच्या सगळ्यांच्याच ताज्या असतात. आणि समोरच्याला घाई असेल तेव्हा आपण खुर्ची ओढून बसायचं. राग आवरायला मात्र धंद्याने शिकवलं नाही. माझा राग किचनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. नवीन माणूस कामाला आला की जुने त्याला आधी तेच सांगतात आणि मग फोडण्या दाखवतात.

पोहायला मी एकोणपन्नासाव्या वर्षी शिकले, एडिसनच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावात. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान होती आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत असले तरी ‘ग्रेट जॉब’ म्हणायची. मी तिला म्हटलं, ओरडलीस तरी चालेल, मला तीच सवय आहे. तिला ते जमलं नाही. तरी मी सहा महिन्यांत न थांबता तीस फेऱ्या मारायला लागले. दादाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, ‘टँकमधलं पोहणं म्हणजे पोहणं नव्हे. विहिरीत उतरून दाखव.’

अमेरिकेत विहीर कुठून आणायची? पण मुलीने एकदा टेक्सासला नेलं. तिथे जमिनीचं छत कोसळून एक मोठं भगदाड पडलेलं होतं, त्यात हिरवं पाणी, कडेच्या खडकावरून नेचे लोंबत होते. मी वरून बघितलं आणि मला ती आमची विहीरच वाटली, फक्त कुणी बांधलेली नाही. त्यानंतर मी अशा जागा शोधत हिंडायला लागले. लोक प्रवासात देवळं बघतात, धबधबे बघतात. मी भोकं बघते. न्यू मेक्सिकोत रस्त्याच्या कडेला, आजूबाजूला सगळा कोरडा माळ असताना, एक गोल निळं भोक आहे. त्यातलं पाणी इतकं गार, की रबरी सूट घातलेले पाणबुडे माझ्या लेगिंग आणि टी-शर्टकडे बघून आपापसात काहीतरी बोलले. दुसऱ्या एका ठिकाणी कासवं पायाला लागायची. अशा पाच ठिकाणी मी मध्यभागी जाऊन उताणी झाले, वर आकाशाचा तुकडा बघितला आणि दादाचा उद्धार केला. ऐकायला तिथे कुणी नव्हतं. तेच खटकायचं.

गेल्या ऑक्टोबरात दादा आणि वहिनी पहिल्यांदाच अमेरिकेत आले. तीन आठवडे आमच्याकडे एडिसनला. दुसऱ्याच शनिवारी आमच्या ओळखीच्यांचं जेवण होतं, चाळीस माणसं, त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. जेवणं झाल्यावर कुणीतरी दादाला म्हणालं, ‘काका, गावाकडचं काहीतरी सांगा ना.’ त्याने घसा खाकरला. मी स्वयंपाकघरात गुलाबजामच्या वाट्या भरत होते. हसण्याचा आवाज आला तेव्हाच कळलं. एक बाई आत येऊन म्हणाल्या, ‘तुम्ही पाण्याला घाबरता? खरंच वाटत नाही हो!’

मी वाट्या भरून संपवल्या. मग मुलीला फोन केला आणि सांगितलं की मामा-मामींना घेऊन येतेय, पोहायची जागा शोधून ठेव.

माझी मुलगी फ्लोरिडात असते. घर बांधण्याआधी खालची जमीन खचेल का, हे तपासायचं काम करते. तिचा जन्म इथला, मराठी समजतं सगळं, बोलते तिला सोयीचं तेवढं. नवरा किचन सांभाळायला मागे राहिला आणि आम्ही तिघं विमानाने गेलो. विमानतळावरून दोन तासांचा रस्ता होता. दादा पुढे मुलीशेजारी, मागे मी आणि वहिनी.

‘इथे खाली सगळं लाइमस्टोन आहे, मामा,’ मुलगी सांगत होती. ‘पाऊस पडतो, पाणी हळूहळू दगड खातं, आतून हॉलो होतं. मग एक दिवस वरचं छत पडतं. त्याला सिंकहोल म्हणतात.’

‘म्हणजे चुनखडी. म्हणजे विहीरच की,’ दादा म्हणाला. ‘आयती. खणायचीसुद्धा मेहनत नाही यांना.’

‘अहो, पण घर पडतं ना त्यात,’ वहिनी म्हणाल्या.

‘विहिरीवर घर बांधतंच कोण?’

मग तो मुलीला म्हणाला, ‘तुला सांगितलंय का मी, तुझ्या आईला आम्ही विहिरीत सोडलं तेव्हा...’

‘सांगितलंय, मामा.’

‘परत सांगतो.’

आणि त्याने परत सांगितलं. मुलगी आरशातून माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून गाई बघत होते. तिथे गाई खूप आहेत.

जागा एका म्हाताऱ्याच्या मालकीची होती. गेटवर तोच बसला होता, डोक्यावर गवताची टोपी, तोंडात काडी. तिकीट माणशी एकच, कमी-जास्त नाही, अशी पाटी मागे लावलेली. पाटी बघितली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या वहिनी पाण्याला हातसुद्धा लावणार नाहीत, त्या फक्त बसणार, त्यांचं तिकीट कशाला? तो म्हणाला, जो पायऱ्या उतरेल त्याचं तिकीट. मी म्हटलं, मग त्या वरून बघतील. तो म्हणाला, वरून दिसत नाही. मी खुर्ची ओढून बसले. आमच्या मागे एक गाडी आली, मग दुसरी. अखेर त्याने तिकीट पूर्ण घेतलं, पण दोन घडीच्या खुर्च्या आणि फोमची एक लांब पिवळी नळी फुकट दिली. ही नळी काखेत धरली की माणूस तरंगतो. मला तिची गरज नव्हती. पण मिळत होती.

‘हे पोरांचं खेळणं कशाला घेतलंस?’ दादा म्हणाला.

म्हाताऱ्याने प्रत्येकाला विचारलं, पोहता येतं का? येत नसेल तर लाइफ जॅकेट घालायलाच हवं. दादाने छाती पुढे काढून उत्तर दिलं, ‘सिन्स चाइल्डहूड.’

खाली उतरायला लाकडी जिना होता, बराच खोल. खाली गेल्यावर वरचा रस्ता, गाड्या, सगळं बंद झालं आणि फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज राहिला. मोठं गोल तळं, चारही बाजूंनी पांढुरके, भोकाभोकांचे खडक, त्यांत झाडांची मुळं खाली आलेली. पाणी काचेसारखं. दहा-पंधरा फुटांपर्यंत खडक दिसायचा, त्याच्या खाली निळं आणि मग काळं. तळ मुलीने सांगितला, मी तो आकडा दादाला सांगितला नाही. रुंदी मात्र समोर दिसत होती. आमच्या विहिरीसारख्या सहा-सात विहिरी त्यात सहज बसल्या असत्या. मधोमध एक लाकडी तराफा होता, दोर लावून जागच्या जागी ठेवलेला. पाणबुड्यांना दम घ्यायला.

वहिनींनी खुर्ची मांडली, पिशवीतून शेंगदाणे काढले. मुलगी शिडीवरून पाण्यात उतरली. मी उतरले. पाणी बाराही महिने एकाच तापमानाचं असतं म्हणाली मुलगी. बाराही महिने गार, असं तिने म्हणायला हवं होतं.

दादा जिन्याखालच्या लाकडी फलाटावर उभा होता. शिडीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडे विहिरीत पायऱ्यांवरून उतरणं हे बायका आणि आजारी माणसांचं काम. पुरुषाने वरून उडी टाकायची, गुडघे छातीशी घेऊन, पाणी कठड्यापर्यंत उडेल अशी. त्याला मुटका म्हणतात.

‘मामा, नो! इथे जंप अलाउड नाहीये!’ मुलगी ओरडली.

चौसष्टाव्या वर्षी मुटका चांगलाच बसला. वहिनींच्या शेंगदाण्यांवर पाणी आलं. शिट्टी वाजली, म्हाताऱ्याने जिन्यावरून वाकून सांगितलं की परत असं केलं तर बाहेर काढीन. दादा वर आला, तोंडावरचं पाणी निपटलं आणि दोन हात मारून खडकाला धरलं.

मी नळी तराफ्यावर टाकली, पलीकडच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. तो तिथेच होता. परत गेले, आले. तो चार हात पुढे सरकला होता, पण एक हात खडकावर होता. ओल आली आहे का बघायला माणूस भिंत चाचपत जावा तसा तो कडेकडेने निघाला होता. मधूनच एक हात पाण्यावर आपटायचा, म्हणजे लांबून पोहल्यासारखं दिसे. आणि तिथूनच मला सूचना चालू होत्या.

‘हात लांब टाक! अगं, मान खाली! श्वास चुकतोय तुझा!’

त्या भोकात आवाज घुमतो. पलीकडचं एक जोडपं माझ्या श्वासाकडे बघायला लागलं.

मी थांबले आणि नीट बघितलं. अर्धा तास झाला होता. या माणसाने एकदाही कड सोडली नव्हती. मग मला आमची विहीर आठवली. पंचवीस फूट रुंद असेल. उडी टाकली, वर आलं, दोन हात मारले की पायरी हाताला लागते. दादाने उभ्या आयुष्यात तेवढंच केलं होतं. उडी इतकी जोरदार, की पुढे काय होतं तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. काठावर बसून कपडे राखणारी मीसुद्धा उडीच बघत राहिले होते.

इथे शहाणं माणूस गप्प बसलं असतं आणि ही माहिती योग्य वेळेसाठी ठेवली असती. धंद्यात मी तेच करते. पण त्याने पुन्हा ‘श्वास!’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

‘दादा, कड सोड!’ मी ओरडले. ‘कड सोडून दाखव!’

‘काय?’

‘तराफ्यापर्यंत ये. माझा श्वास इथे येऊन शिकव.’

‘कानात पाणी गेलंय माझ्या.’

‘पोहायला कान लागत नाहीत.’

‘आत्ताच नाश्ता झालाय. पोटात कळ येईल.’

‘नाश्ता चार तासांपूर्वी झाला, आणि तू फक्त केळं खाल्लंस.’

‘जा हो,’ वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. ‘एवढं म्हणतायत वन्सं, तर जा ना. मी फोटो काढते.’

वहिनींनी फोन समोर धरला आणि दादाचा नाइलाज झाला. त्याने कड सोडली. पहिले सात-आठ हात ठीक होते. मग त्याची मान वर यायला लागली आणि पाय खाली जायला लागले. मुलीच्या लक्षात आलं आणि ती निघाली, पण मी जवळ होते. तराफ्यावरची नळी ओढून त्याच्या छातीखाली सारली. त्याने नळीऐवजी माझा खांदा धरला.

‘खांदा सोड. नळी धर.’

‘धरलीये.’

‘ती माझी वेणी आहे.’

तराफा जवळ होता. त्याला वर चढवलं, मीही चढले, नळी मांडीवर घेतली. तो दम खात बसला. मुलीने खालून विचारलं, ‘मामा, यू ओके?’ त्याने अंगठा दाखवला. ‘आम्ही जरा बसतो,’ मी म्हटलं. ती गेली. वहिनींनी फोटो काढला. त्या फोटोत आम्ही दोघं भाऊ-बहीण तराफ्यावर शेजारीशेजारी बसलोय, मागे खडकावर ऊन पडलंय. फॅमिली ग्रुपवर त्याला खूप बदाम आले.

मग मी चहूकडे बघितलं. सगळीकडे पाणी. परत जायला एकच नळी, ती माझ्याकडे. इतक्या चांगल्या जागी बसून मी आयुष्यात सौदा केला नव्हता.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘त्या दिवशी विहिरीवर काय झालं होतं?’

‘कुठल्या दिवशी?’

मी नळीवरचं पाणी निपटलं.

‘अगं, किती जुनी गोष्ट. मजेने सांगतो मी. लोक हसतात, तेवढंच.’

‘मी घाबरले होते?’

‘थोडी घाबरली असशील. लहान होतीस.’

‘मी घाबरले होते?’

‘बरं, फार नसशील घाबरली. काय फरक पडतो? नळी दे इकडे.’

‘फरक पडत नाही ना? मग खरं सांग.’

‘मी असाच जाईन पोहत,’ तो म्हणाला आणि पाय पाण्यात सोडले. खाली बघितलं. तिथून काळं दिसत होतं. पाय वर घेतले.

‘चल, मिटवू,’ तो म्हणाला. ‘यापुढे तो किस्सा सांगणार नाही. झालं?’

‘गप्प बसणं नको आहे मला. तू सगळ्यांना चुकीचं सांगितलंस. आता बरोबर सांगायचं.’

‘भावाला असं कोंडीत धरतात का? शोभतं का तुला?’

मला शोभत नव्हतं, आणि मला त्याची पर्वाही नव्हती. मी नळी घेऊन पाण्यात उतरले आणि पाठ फिरवून निघाले. सहा हात गेले असेन.

‘अगं थांब.’

मी थांबले, पण वळले नाही.

‘काका म्हणाले होते,’ तो म्हणाला. आवाज शाळेतला नव्हता, हळू होता, पण तिथे हळू बोललेलंही घुमतं. ‘दुसऱ्या दिवशी. तू पाच फेऱ्या मारल्यास तेव्हा. मला म्हणाले, ही तुझ्यापुढे जाईल. चार सुट्ट्या झाल्या होत्या मला शिकवून त्यांना. माझी कड सुटत नव्हती.’

मी वळले.

‘त्यांना माहीत होतं?’

‘त्यांना एकट्यालाच. कुणाला बोलले नाहीत कधी.’ तो तराफ्याच्या फळीकडे बघत होता. ‘मग मी आईला जाऊन सांगितलं, गडी बसतात म्हणून. कठड्यावर कुणी नव्हतं. आई एवढी ओढत नेईल असं नव्हतं वाटलं. तू रडत होतीस, सगळे विचारत होते काय झालं. काहीतरी सांगायला हवं होतं.’

‘आणि मग अठ्ठेचाळीस वर्षं?’

‘लोक हसले ना पहिल्यांदा. मग ते चालू झालं.’

मी परत येऊन तराफ्याला धरलं. खरं तर मला तिथेच खूप बोलायचं होतं, तयारी अनेक वर्षांची होती. पण तो थंडीने कुडकुडत होता, ओठ निळे पडले होते आणि केस डोक्याला चिकटल्यावर तो काकांसारखा दिसत होता. मी मुद्द्यावर आले.

‘डिसेंबरात तुझ्या मुलाची हळद आहे. तिथे सांगायचं. माइकवर.’

‘माइकवर? सुनेची माणसं असतील.’

‘असू देत.’

‘फक्त घरच्यांत सांगतो. रात्री पत्ते खेळताना.’

‘माइकवर. आणि वहिनींना आज.’

‘तिला कशाला?’

मी नळी जरा मागे ओढली.

‘सांगतो,’ तो म्हणाला.

परत जाताना त्याने नळी दोन्ही काखांत धरली आणि मी पुढून ओढली. शिडीशी आल्यावर तो वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, ‘गार आहे पाणी!’

गाडीत बसून हायवेला लागेपर्यंत तो पाणी किती गार होतं तेच सांगत होता. मी मागून त्याच्या सीटला गुडघा लावला.

‘अगं,’ तो वहिनींना म्हणाला, ‘मला तुला एक सांगायचंय. बरेच दिवस मनात होतं.’

वहिनींनी शेंगदाण्याची पुडी खाली ठेवली. ‘काय झालं? रिपोर्ट आले का?’

‘रिपोर्ट नाही. ते विहिरीचं. ही घाबरली नव्हती. मीच आईला खोटं सांगितलं होतं. आणि मला कडेपलीकडे पोहता येत नाही.’

वहिनींनी पुडी परत उचलली.

‘एवढंच ना?’ त्या म्हणाल्या. ‘मी केवढी घाबरले. मला वाटलं किडनीचं काहीतरी.’

‘वेट,’ मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आई रडत का पळाली?’

‘तुझं लक्ष ट्रकवर होतं,’ मी तिला म्हटलं. ‘दादा, तिला नीट ऐकू नाही आलं. परत सांग.’

त्याने परत सांगितलं. मग मी गडी कठड्यावर नव्हते हे राहिलं म्हटलं, तर तेही सांगितलं. काका काय म्हणाले ते राहिलं म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, ‘वन्सं, पुरे. जेवायला कुठे थांबायचं ते बघा.’

डिसेंबरात मी हळदीला सांगलीला गेले. व्यापारात मी कुणाच्या शब्दावर माल सोडत नाही, म्हणून माइकपासून दुसऱ्या रांगेत बसले. तो टाळाटाळ करील अशी माझी खात्री होती आणि त्यासाठी मी दोन-तीन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. त्यांची गरज पडली नाही. दादाने स्वतःच माइक मागून घेतला.

त्याने सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, उलट चार घातले. त्याच्या सांगण्यात ते तळं समुद्राएवढं झालं होतं, खाली मगरी होत्या, आणि मी तराफ्यावर हातात पिवळी नळी घेऊन ठाणेदारासारखी बसले होते. ‘मी म्हटलं, बाई, गुन्हा कबूल, पण पोचव मला काठावर!’ इथे तो थांबला. लोक इतके हसले की सनईवाले बघायला आले. मग त्याने आवाज खाली आणला, काकांचं वाक्य सांगितलं, ‘माझी कड सुटत नव्हती’ म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्या दोन आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. जुन्या किश्शाला असं कधी झालं नव्हतं. त्याच्याही ते लक्षात आलेलं दिसलं, कारण संध्याकाळपर्यंत त्याने तो आणखी दोनदा सांगितला, एकदा सुनेच्या मामांना आणि एकदा मंडपवाल्याला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी घाबरले नव्हते हे आता साडेतीनशे माणसांना ठाऊक होतं. मी मावशीशेजारी जेवायला बसले. मावशीने माझा हात हातात घेतला.

‘केवढ्या मोठ्या मनाचा भाऊ आहे गं तुझा,’ ती म्हणाली. ‘चारचौघांत असं कोण कबूल करतं? नशीबवान आहेस.’

समोरच्या पंगतीतल्या बाईही तेच म्हणाल्या. वाढपी पोळी वाढता वाढता तेच म्हणाला, आणि त्याने तर मला ओळखलंही नव्हतं.

मी ‘हो’ म्हटलं. मग मठ्ठ्याचा एक घोट घेतला. त्यात मीठ नव्हतं. मी उठले आणि केटररला शोधायला गेले.